शिकणारा शिक्षक आणि यंत्राची मराठी

शिक्षकाने अखेरपर्यंत शिकत राहिले पाहिजे, हा विचार आज परिपत्रकांतून आपल्यापर्यंत येत असला तरी तो मूळचा परिपत्रकांचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा याची स्पष्ट मागणी आहे. तो प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, नांगर हाती धरण्यात त्याला कमीपणा वाटू नये, सामान्य लोकांत तो मोकळेपणाने मिसळावा आणि त्याला पुरेसा पगार मिळावा. प्रशिक्षण, शिक्षकाची सामाजिक जागा आणि त्याचा पगार या तीन गोष्टी फुल्यांनी एकत्र बांधल्या होत्या. डिजिटल कौशल्ये आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या नावाने आज शिक्षकांना जे शिकवले जाते, त्याची चिकित्सा करताना मला हीच कसोटी योग्य वाटते. कारण तीनपैकी पहिली गोष्ट तेवढी उचलली गेली आहे. उरलेल्या दोन वाऱ्यावर सोडल्या आहेत.

मी आसनगावजवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे विद्यार्थी डोळखांब, किन्हवली, खर्डी, टोकावडे अशा ठिकाणांहून एसटीने, जीपने, कसारा लोकलने येतात. त्यांत बौद्ध आहेत, कुणबी आहेत, ठाकूर आणि कातकरी आहेत. त्यांच्या घरातही बहुधा तेच पहिले. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याला 'व्यावसायिक विकास' हा शब्द ऐकू येतो तेव्हा पहिला प्रश्न पडतो तो हा की, विकास कोणाचा आणि कोणत्या दिशेने?

व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांचे मानव संसाधन विकास केंद्र असे नामांतर झाले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. शाळांसाठी २०१७ मध्ये 'दीक्षा' आले, २०१९ मध्ये 'निष्ठा' आले. २०२० च्या धोरणाने शालेय शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले. त्याआधीपासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडण्याची सवय आपल्याला लागलेली होतीच. २०२० च्या टाळेबंदीत तर वेबिनारांचा आणि प्रमाणपत्रांचा पूर आला. दुवा उघडा, नाव नोंदवा, व्याख्यान संपताच फॉर्म भरा, प्रमाणपत्र घ्या. त्याच दिवसांत आमच्याकडची मुले नेटवर्कसाठी पाड्यावरून माळावर चढत होती. शिक्षकांची प्रमाणपत्रे वाढत होती आणि वर्गातली मुले गळत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे विसरून चालणार नाही.

या व्यवस्थेत शिकण्याचा लाभ कोणाला होतो तेही पाहिले पाहिजे. कायम प्राध्यापकाला उजळणी वर्ग ही बढतीची पायरी असते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्याला ती पायरीच नाही. तो स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून शुल्क भरतो, स्वतःच्या मोबाईलवर व्याख्यान ऐकतो, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक मिळेल की नाही या विवंचनेत परीक्षेचे पेपर तपासतो. मी स्वतः काही वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत. आपल्या समाजातून नेट-सेट होऊन, पीएच.डी. होऊन आलेले किती तरी तरुण आजही तेथेच आहेत. त्यांना 'आजन्म विद्यार्थी राहा' असे सांगणे सोपे आहे. ते राहिलेलेच आहेत; त्यांना शिक्षक म्हणून राहू दिले जात नाही.

आता प्रशिक्षणात जे शिकवले जाते त्याकडे वळतो. मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे त्याकडे एक संहिता म्हणूनच पाहतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या एका ऑनलाइन वर्गाला मी बसलो होतो. व्याख्याने इंग्रजीत होती. उदाहरणे मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित वर्गांची होती. पाठाचे नियोजन कसे करून घ्यावे, प्रश्नपत्रिका कशी काढून घ्यावी, अहवाल कसा लिहून घ्यावा, हे सारे शिकवले गेले. त्यात उपयोगाचे पुष्कळ होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ज्याला इंग्रजीतला अर्ज लिहिताना घाम फुटतो अशा आमच्यासारख्यांना हे यंत्र विनामूल्य कारकून देते. पण यंत्राने दिलेला मजकूर वाचायचा कसा, त्यात कोण बोलते आणि कोण गप्प आहे हे ओळखायचे कसे, याला त्या वर्गात एकही तास नव्हता.

सरावासाठी 'महाराष्ट्रातील एका खेड्याचे वर्णन' यंत्राकडून लिहून घ्यायचे होते. यंत्राने क्षणात खेडे उभे केले. त्यात नदी होती, देऊळ होते, पार होता, प्रेमळ आजोबा होते, सणाला एकत्र येणारे गावकरी होते. मराठी शुद्ध होती, ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती. फक्त त्या गावाला महारवाडा नव्हता, मांगवाडा नव्हता, कातकऱ्यांची वाडी नव्हती. पाणवठा एकच होता आणि तो कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नव्हता. मी पुन्हा सांगितले, या गावात दलित वस्तीही दाखव. तेव्हा एक गरीब, सोशिक, डोळ्यांत पाणी आणणारा मुलगा आला आणि एका दयाळू गुरुजींनी त्याचा उद्धार केला. मोर्चा नाही, विहार नाही, जयंती नाही, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नाही. दलित साहित्याने ज्या कारुण्याच्या साच्याला नकार दिला, तोच साचा यंत्राने नवा म्हणून पुढे केला.

यात यंत्राचा काही कट नाही. हे यंत्र प्रचंड मजकुरावर तयार होते आणि त्या मजकुरातल्या सवयींवरून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब मांडत जाते. ज्यांचे लेखन संगणकावर जास्त, त्यांची सवय हीच त्याची भाषा होते. आता आपले लेखन कोठे आहे? ते छोट्या त्रैमासिकांच्या जुन्या अंकांत आहे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांत आहे, जलशांच्या वह्यांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. त्यातले फार थोडे यंत्राच्या वाट्याला गेले असणार. म्हणजे ज्यांनी शतकानुशतके लेखणी ताब्यात ठेवली, त्यांचीच मराठी 'सर्वसाधारण मराठी' म्हणून यंत्रातून परत येते. मक्तेदारी जुनीच, आता ती कोणाच्या नावावर नाही, एवढाच फरक.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि त्यातले अनेक शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे उघड मान्य केले. प्रस्थापित मराठीतला एक मोठा लेखक विचारतो की, या शब्दांचा अर्थ काय? दलित साहित्याने मराठीला जे दिले त्यात हे विचारायला लावणेही आहे. यंत्र मात्र विचारत नाही. ते शब्द बदलते आणि त्याला सुधारणा म्हणते.

हे केवळ तत्त्वाचे बोलणे नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी आपल्या घरातल्या एका दिवसावर लिहायला सांगतो. एका मुलीने फार नेटका निबंध आणून दिला. त्यात 'माझी मातोश्री प्रातःकाळी उठून गृहकृत्ये आवरते' असे वाक्य होते. मी तिला म्हणालो, "बाई, तुझ्या घरी आईला काय म्हणतात?" ती म्हणाली, "आय म्हणतो, सर. पण मोबाईलनं ते नीट करून दिलं." तिची आई पहाटे उठून वीटभट्टीवर जाते. 'गृहकृत्ये' या शब्दात वीटभट्टी मावत नाही. तिने कच्चे लिहिलेले मी मागवून वाचले; त्यात भट्टी होती, राख होती, उचल होती, मुकादम होता. 'नीट' करताना ते सगळे गेले होते. भाषा शुद्ध झाली आणि शोषण पुसले गेले. हे ज्या शिक्षकाला दिसणार नाही, तो त्या निबंधाला दहापैकी नऊ गुण देईल. म्हणून मी म्हणतो की, शिक्षकाचे डिजिटल शिक्षण हा प्रश्न तांत्रिक कमी आणि सांस्कृतिक अधिक आहे.

२०२५ मध्ये एक वृत्त प्रसिद्ध झाले. समाजशास्त्रातल्या एका दलित संशोधकाने अर्जाची इंग्रजी सुधारण्यासाठी चॅटजीपीटीची मदत घेतली, तेव्हा भाषेबरोबर यंत्राने त्याचे आडनावही बदलले आणि 'शर्मा' करून टाकले. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. तेव्हा भाड्याच्या खोलीसाठी माणसाला स्वतःची जात लपवावी लागत होती आणि त्या लपवण्याची आग त्याला जाळत होती. आता माणसाने न मागताच यंत्र त्याची जात लपवून देते, आणि कोणाला काही जळतही नाही. विद्वान माणूस म्हटला की त्याचे आडनाव कोणते असणार, याचा जो हिशेब समाजाच्या मनात होता तोच येथे उतरला आहे.

आपल्या कार्यकर्त्यांत यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणतात, हे यंत्र भांडवलदारांचे आहे, त्याला हात लावू नये. दुसरे म्हणतात, यंत्राला जात नसते, तेच आपल्याला मुक्त करील. दुसऱ्या मताचे उत्तर वर आलेच आहे. पहिल्याला माझे उत्तर असे की, हात न लावण्याची चैन आपल्याला परवडत नाही. ज्यांना पाण्याला, पोथीला, शाळेच्या बाकाला हात लावू दिला नाही, त्यांनी नव्या साधनाला आपण होऊन अस्पृश्य ठरवावे हे विपरीत आहे. टंकलेखनाच्या परीक्षा देऊन आपली एक पिढी कचेऱ्यांत शिरली, ती यंत्राच्या प्रेमाने नव्हे. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीत 'शिका' हा शब्द पहिला आहे.

शिकण्याचे दुसरे नमुने आमच्याच भागात आहेत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या जिल्हा परिषद शिक्षकाने लोकवर्गणीच्या आधाराने सौरऊर्जेवर चालणारी डिजिटल शाळा उभी केली. तेथे तंत्र आधी आले नाही, मुलांची अडचण आधी आली. वीज नाही म्हणून सूर्याकडे जावे लागले. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे येथे योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी लुगडे नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या आणि अंगठ्याच्या जागी सही करू लागल्या. या दोन्ही ठिकाणी शिकण्याचे कारण शिकणाऱ्याच्या आयुष्यात होते. मात्र अशा एकेका शिक्षकाचे कौतुक करून व्यवस्थेने स्वतःची सुटका करून घेऊ नये. एकाची जिद्द हे सर्वांच्या सोयीचे उत्तर असू शकत नाही.

युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा क्षमता-आराखडा प्रसिद्ध केला. त्यात पाच अंगे आणि पंधरा क्षमता आहेत. माणूस केंद्रस्थानी ठेवणे हे पहिले अंग आहे, नीती हे दुसरे. 'सामाजिक जबाबदारी' ही एक क्षमताही त्यात आहे. आराखडा चांगला आहे. पण त्या पंधरा नावांत जात नाही. जगासाठी लिहिणारे ती लिहिणार नाहीत. ती आपणच लिहिली पाहिजे. भारतात 'माणूस' म्हटले की कोणता माणूस, हे विचारल्याशिवाय येथे नीती सुरूच होत नाही.

आणखी एक धोका आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. धरणे आमच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. उद्या कोणी आमच्या बोलींचे शब्द, आमच्या बायांची गाणी यंत्रासाठी गोळा करायला येईल आणि 'तुमची भाषा वाचवतो' असे म्हणेल. तेव्हा विचारले पाहिजे की, साठा कोणाच्या ताब्यात राहणार आणि नळ कोठे निघणार?

म्हणून शिक्षक-संघटनांनी आणि आपल्या चळवळीने काही मागण्या नेमकेपणाने मांडाव्यात असे मला वाटते. प्रशिक्षण मराठीत आणि महाविद्यालयातच, कामाच्या वेळेत व्हावे. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला ते विनामूल्य मिळावे आणि नेमणुकीच्या वेळी त्याची नोंद धरली जावी. प्रत्येक वर्गात यंत्राच्या मजकुराची सामाजिक चिकित्सा हा सक्तीचा भाग असावा. बोलीचे संकलन करायचे तर ते बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने व्हावे.

परिपत्रकाची वाट न पाहता वर्गात जे करता येते ते मी या सत्रापासून सुरू केले आहे. विद्यार्थी आधी स्वतःचा निबंध हाताने लिहितात, मग तोच विषय यंत्राला देतात आणि दोन्ही शेजारी ठेवून यंत्राने काय गाळले त्याची यादी करतात. पहिल्याच आठवड्याच्या यादीत वीटभट्टी, उचल, टँकर, रेशनची रांग आणि जयंतीची वर्गणी हे शब्द होते. दलित साहित्याची समीक्षा शिकवायला मला याहून चांगले पुस्तक अजून मिळालेले नाही. इतर महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहावा आणि आपापल्या याद्या या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात.