‘ध्यासपर्व’: एका व्रताचे चित्र आणि एक रिकामी जागा

अमोल पालेकर यांचा ‘ध्यासपर्व’ हा 2001 सालचा चित्रपट प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या चरित्रावर उभा आहे. कुटुंबकल्याणविषयक उत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. परंतु प्रचारपट आणि कलाकृती यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर या चित्रपटाने बव्हंशी ओलांडले आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

विषय अवघड खरा. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारा, त्यापायी प्राध्यापकीला मुकणारा आणि 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक नेटाने चालविणारा हा पुरुष पडद्यावर सहज देवमाणूस होऊन बसला असता. अश्लीलतेच्या खटल्यात 1934 साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरीही दंड चुकला नाही. एवढ्या प्रसंगावरही भाबडे नाट्य रचता आले असते. किशोर कदम यांनी हा मोह टाळला आहे. त्यांचे रघुनाथराव हट्टी आहेत, एकाकी आहेत, आणि म्हणूनच खरे वाटतात. सीमा विश्वास यांच्या मालतीबाई तर या चित्रपटाचा प्राण होत. निपुत्रिक राहण्याचा निश्चय उभयतांचा. परंतु समाजात त्याचे मोल अधिक कोणी मोजले असेल, हे त्यांच्याकडे पाहताना उमगते.

तथापि एक उणीव मनाला बोचत राहते. या कथेचा मध्य आहे तो सुशिक्षित सुधारक, त्याचे केंद्र आणि त्याचे मासिक. ज्या स्त्रीला अक्षरओळख नव्हती, तिच्यापर्यंत हा विचार कोण नेणार होते? बाळंतिणीच्या खोलीत मासिकाला प्रवेश नव्हता, पुरुष डॉक्टरलाही बहुधा नव्हता. तेथे जात असे ती सुईण. गोमंतकात तिलाच वैजीण म्हणतात. तिच्या हातांत अनुभव होता. शास्त्र आणि स्वच्छ साधने तिला कोणी दिली नव्हती. या कथेत मध्यभागी तिला आसन नाही. हा दोष एकट्या चित्रपटाचा नव्हे. आपल्या सुधारणेच्या इतिहासाचाच तो दोष आहे.

तो दोष पुढेही पुरला. 1952 साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि 1976 च्या सुमारास त्याचे रूपांतर सक्तीच्या शस्त्रक्रियांच्या आकडेवारीत झाले. ज्या गोष्टीला रघुनाथरावांनी स्त्रीचा अधिकार मानले, तिचे ‘उद्दिष्ट’ झाले. विश्वासाने सल्ला देणारे माणूस मध्ये नसले की असेच व्हायचे. प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान 2 वर्षांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही गोष्ट बाळंतिणीच्या कानी घालायला तिच्या उशाशी बसणाऱ्या बाईहून अधिक योग्य कोण?

2018 ते 2020 या काळात देशात दर 1 लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या. केरळात 19, तर आसामात 195. ही दरी देवाने घातलेली नव्हे. प्रशिक्षित सुईणींची स्वतंत्र सेवा उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने 2018 साली काढली. म्हणजे रघुनाथरावांच्या केंद्रानंतर तब्बल 97 वर्षांनी!

देवळात नमस्काराला वाकलेल्या सुनेला आपण आजही ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देतो. त्यातील मंगल भाव आम्हांस मान्य आहे. परंतु आठव्या खेपेस, किंबहुना पहिल्याच खेपेस, जी माउली परत उठली नाही तिच्या सौभाग्याचे काय? ‘ध्यासपर्व’ पाहून उठताना हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहील, त्याला हा चित्रपट पावला असे म्हणावे. आशीर्वादाच्या हाताइतकाच सुईणीचा हातही पवित्र आहे, आणि मंडपातील मानाच्या पाटावर तिचाही हक्क आहे, एवढे आपण मान्य केले तरी ती रिकामी जागा भरू लागेल.