कलम बावन्न

परीक्षणासाठी आलेलं पुस्तक वाचलंच पाहिजे असा काही नियम नाही. मी गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ परीक्षणं लिहिली आणि त्यांतली बरीचशी पुस्तकं माझ्या कपाटात अजून कोरी करकरीत आहेत. लेखक ओळखीचा असला की ‘लक्षणीय’, नसला की ‘आश्वासक’, आणि आमच्याच सोसायटीत राहणारा असला की ‘मराठी साहित्यात मोलाची भर’. एवढ्या तीन शिक्क्यांवर माझं टीकाकाराचं दुकान चाललं. पण आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितो आहे, ते मी स्वतःच्या पैशानं विकत घेतलं आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं. (हिला अजून खरं वाटत नाही.) पुस्तकाचं नाव ‘कॉपीराइट अ‍ॅक्ट, १९५७’. लेखक, भारताची संसद. प्रकरणं पंधरा, कलमं एकोणऐंशी. सरकारी हिंदीत याला ‘प्रतिलिप्यधिकार अधिनियम’ म्हणतात. हे नाव कोणी चोरील अशी भीती सरकारला वाटत नसावी.

वाचायचं निमित्त झालं पुतणीच्या लग्नाचं. मुलगी पुण्याची, मुलगा नागपूरचा, दोघं नोकरीला बंगलोरला. तेव्हा लग्न अर्थातच गोव्यात ठरलं. डिसेंबर २०२४. हॉल, जेवण, फुलं, सगळं बोलून झाल्यावर हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवर विचारलं, “आणि लायसन तुमचं तुम्ही काढणार ना?” गोव्यात लायसन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे निराळंच काहीतरी आलं. पण तो म्हणत होता गाण्यांच्या लायसनबद्दल. लग्नात रेकॉर्ड लावायची तर तिचे हक्क ज्यांच्याकडे, त्यांना फी भरायची.

धाकट्या भावानं फोन माझ्या हातात दिला. घरात ज्याला कशातलंच काही कळत नाही, त्याच्याकडे कायद्याची बाजू सोपवायची आमच्याकडे पूर्वापार पद्धत आहे.

त्याच संध्याकाळी आमचे मेव्हणे आले. हे गृहस्थ कुठल्याही अडचणीवर खिशातून सरकारी कागद काढतात. “एक पै भरू नका,” ते म्हणाले, “सरकारनंच सांगितलंय.” आणि खरंच, गोवा सरकारचं ३० जानेवारी २०२४ चं परिपत्रक त्यांच्या फोनमध्ये होतं. लग्नसमारंभातल्या संगीतासाठी हॉटेलांनी असल्या परवान्याचा आग्रह धरू नये, असा त्याचा मथितार्थ. त्याच्या मागे केंद्र सरकारची जुलै २०२३ मधली एक सूचनाही होती. मी लगेच फोन लावला आणि परिपत्रक मंगलाष्टकांच्या चालीवर वाचून दाखवलं. मॅनेजरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, “पात्रांव, हायकोर्टानं ते ऑगस्टातच रद्द केलं.”

खरंच केलं होतं. १३ ऑगस्ट २०२४, मुंबई उच्च न्यायालय, गोवा खंडपीठ. मेव्हणे तीन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत आणि चौथ्या दिवशी मी पुस्तक विकत घेतलं.

आता परीक्षण.

सुरुवात संथ आहे. दुसऱ्या कलमात सगळ्या शब्दांच्या व्याख्या दिल्या आहेत. त्यात ‘साहित्यकृती’ म्हणजे काय हे एका दमात सांगून टाकलंय. त्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम येतात, तक्ते येतात, संकलनं येतात. जन्मभर ललित लिहून मी कुठे पोहोचलो, तर विम्याच्या हप्त्यांच्या तक्त्याशेजारी. तक्रार नाही. तक्त्याला वाचक जास्त आहेत.

पुढे हक्क किती वर्षं टिकतो याचं प्रकरण येतं. लेखकाचं आयुष्य आणि वर साठ वर्षं. मूळ आवृत्तीत पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. त्यांचं साहित्य १९९१ संपता संपता सर्वांचं होणार होतं. हक्क विश्वभारतीकडे होते. तेव्हा वर्षाच्या अखेरीस सरकारनं वटहुकूम काढला, १९९२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि पन्नासाचे साठ झाले. रवींद्रनाथांसाठी म्हणून दिलेली ही दहा वर्षं सरसकट सगळ्यांनाच मिळाली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची पुस्तकं २००१ ऐवजी २०११ पासून मोकळी झाली. ज्या माणसानं सारं काही वाटून टाकलं, त्याच्या पुस्तकांवरचं कुलूप दहा वर्षं उशिरा उघडावं, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. बंगाली माणसाच्या वाढदिवसाला आपण पेढे खाल्ले म्हणायचे, इतकंच.

मग येते फौजदारी बाजू, आणि कादंबरीत शोभेलसा खलनायक प्रवेश करतो. वाचकहो, तुम्हांला तो व्हिडिओचा जमाना आठवत असेल. गणपतीत वर्गणी काढून व्ही.सी.आर. आणि रंगीत टी.व्ही. भाड्यानं आणायचा, आणि रात्रभरात तीन सिनेमे. तिसऱ्याला फक्त टी.व्ही. जागा असायचा. ती कॅसेट कुठून आली असं कोणी विचारीत नसे. थिएटरवाले आणि निर्माते ओरडले आणि १९८४ साली कायद्याला दात बसवले. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद. कलम ६४ तर मी दोनदा वाचलं. गुन्हा झाला आहे, होतो आहे किंवा होण्याचा संभव आहे अशी ज्याची खात्री पटेल, तो फौजदार वॉरंटाशिवाय प्रती जप्त करू शकतो. होण्याचा संभव! आमच्या चाळीतल्या प्रत्येक गणेशोत्सवात तो संभव होता. खात्री पटायची ती फौजदारसाहेबांची. तिथे मॅजिस्ट्रेट येतो तो प्रती उचलल्यानंतर. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ज्यांनी त्या रात्री वर्गणी दिली नाही, ते आता सुखानं झोपत असतील.

इथवर वाचून मी पुस्तक मिटणार होतो. पण मग आलं कलम बावन्न.

या पुस्तकाचा नायक कोण असं मला विचाराल, तर हे कलम. बाकी सगळं पुस्तक ‘हे करू नका’ म्हणतं. बावन्नावं कलम म्हणतं, ‘अहो, पण हे चालेल.’ आणि काय काय चालेल! स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी उतारा, टीकेसाठी आणि परीक्षणासाठी वाजवी उतारा. म्हणजे चाळीस वर्षं मी या कलमाच्या वळचणीला राहत होतो आणि मला पत्ता नव्हता. शिक्षकानं शिकवण्याच्या ओघात केलेली नक्कल चालेल. २०१२ च्या दुरुस्तीनं अंधांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणण्याची मोकळीकही आली. ही ओळ ज्यानं लिहिली त्याला कुठल्याही वाङ्मयीन पुरस्काराशिवाय मी नमस्कार करतो.

शिक्षकांच्या ओळीवर तर मोठं महाभारत झालं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात झेरॉक्सचं एक दुकान होतं. प्राध्यापकांनी नेमून दिलेले निरनिराळ्या पुस्तकांतले उतारे ते एकत्र बांधून मुलांना देत असे. २०१२ मध्ये तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. २०१६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की कॉपीराइट हा काही देवानं दिलेला किंवा निसर्गसिद्ध हक्क नव्हे, तो कायद्यानं दिला आहे आणि कायद्यानंच त्याला कुंपण आहे. मोठ्या पीठानंही शिक्षणाची वाट मोकळी ठेवली, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

आणि या कलमाच्या शेपटाला, अक्षरं संपून दुसरी बाराखडी सुरू झाल्यावर, ‘झेड-ए’ या खोपच्यात आमचं लग्न सापडलं. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं तर तो हक्कभंग नव्हे. आणि खाली स्पष्टीकरण असं, की धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि विवाहाशी निगडित इतर सामाजिक समारंभ धरावेत. वरात! संसदेच्या कायद्यात वरात! १९९४ ची ही दुरुस्ती. ती लिहिणाऱ्या कोणा सचिवाच्या डोळ्यांपुढे पेट्रोमॅक्स, ब्रासबँड आणि घोड्यावर धास्तावलेला नवरदेव असणार. कायद्याला माणसं दिसतात ती अशी एखाद्याच ओळीत.

पण मग हायकोर्टानं परिपत्रक का रद्द केलं? निकाल मी आधी रागानं वाचला. दुसऱ्यांदा वाचताना राग उतरला, आणि तिसऱ्यांदा मेव्हण्यांना फोन करून न्यायाधीशांची बाजू मांडली. सवलत कायद्यात आहे ती आहे. परिपत्रक काढून तिचा अर्थ ताणणं हे सरकारचं काम नव्हे. मेंदीची रात्र, संगीताची रात्र, तळ्याकाठची कॉकटेल पार्टी, यांतला धार्मिक विधी कोणता आणि हॉटेलचा धंदा कोणता, हे ज्या त्या खटल्यात ठरायचं. मेव्हणे म्हणाले, “सरकार आपल्याच बाजूनं बोलत होतं ना? मग तुमचं काय जातंय?” जातं ते असं, की जी मोकळीक मला संसदेनं दिली आहे ती साहेबाच्या सहीनं मिळाल्यासारखी दिसू लागली, तर उद्या दुसऱ्या साहेबाच्या सहीनं ती जाईलही. माझ्या वरातीला आशीर्वाद द्यायला सरकारनं जरूर यावं. पण ते आलं नाही म्हणून वरात बेकायदा होत नाही.

शिवाय गाणाऱ्याचंही पोट आहे. “गाणं म्हणजे हवा, हवेचे कसले पैसे?” असं मेव्हणे म्हणाले तेव्हा मी गप्प बसलो नाही. कारण गेल्या वर्षी आमच्याच व्याह्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक विनोदी लेख पाठवला होता. ‘अवश्य वाचा, पोट धरून हसाल.’ लेख माझा होता. खाली नाव भलत्याचंच. कलम ५७ सांगतं की हक्क विकून टाकला तरी लेखकपण लेखकाकडेच राहतं. ते कलम मी व्याह्यांना पाठवलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. म्हणजे मी या पुस्तकात दोन्हीकडे आहे. लेख चोरीला गेला की कलम ५७ मध्ये राहतो आणि लग्न निघालं की ५२ मध्ये.

या पुस्तकात मला एकच मोठी उणीव दिसली, आणि ती पुस्तकाची म्हणावी तर तीही नाही. साखरपुड्याला आमच्या आत्यानं, वय वर्षं एक्क्याऐंशी, स्वतःच्या गळ्यातून जुन्या ओव्या म्हटल्या. पुतणीनं त्याची फिल्म इंटरनेटवर चढवली. पाच मिनिटांत आवाज बंद! कुठल्याशा यंत्रानं ठरवलं की हे ध्वनिमुद्रण एका कंपनीच्या मालकीचं आहे. आत्या खूष. “माझा आवाज रेकॉर्डवालीसारखा वाटला होय रे?” तक्रार करायला जावं तर समोर माणूस नाही. तीन पर्याय लिहिलेले होते, त्यांत ‘ही आमची आत्या आहे’ हा पर्याय नव्हता. कलम ५२ मध्ये याचीही थोडी सोय आहे. अशा जागा चालवणाऱ्याकडे हक्कदाराची लेखी तक्रार आली की एकवीस दिवस मजकूर अडवून ठेवायचा, आणि तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आला नाही तर पुन्हा खुला करता येतो. सुतकसुद्धा तेराव्याला फिटतं, पण निदान एकविसाव्याला फिटतं म्हणू. या यंत्राला मात्र तक्रार लागत नाही, कोर्ट लागत नाही, आणि वरात म्हणजे काय ते ठाऊक नाही. फौजदाराची निदान खात्री पटवता तरी येते. आत्याच्या ओव्या अजून मुक्याच आहेत.

लग्न झालं. संगीताच्या रात्रीचं मला स्वतःलाच नक्की ठरवता येईना, तेव्हा भावानं फी भरून टाकली. वरातीचे मात्र मी भरू दिले नाहीत. कलम बावन्नचं पान झेरॉक्स करून खिशात ठेवलं होतं. त्यातही एक गंमत आहे. याच कलमात लिहिलंय की कायदा छापायचा असेल तर तो भाष्यासकट किंवा काहीतरी स्वतंत्र मजकुरासकट छापावा. नुसता छापू नये. म्हणून वरातीच्या ओळीशेजारी समासात मी पेन्सिलीनं ‘छान!’ असं लिहिलं आणि मगच पान काचेवर ठेवलं.

पार्किंगपासून हॉलपर्यंत बँड वाजत निघाला तेव्हा मॅनेजर आडवा आला. मी पान पुढे केलं. त्यानं ते उन्हात धरून सावकाश वाचलं, नवरदेवाकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं.

“साहेब, याची एक कॉपी मला मिळेल? पुढच्या पार्टीला दाखवीन.”

“मिळेल,” मी म्हटलं. “पण आधी कडेला काहीतरी स्वतंत्र लिहा.”

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि माझ्या ‘छान!’च्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘घोडा लॉनवर आणू नये.’