चौथ्या चरणाची जागा

गिरगावातल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये रविवारची उपासना. पहिली दोन गीते पेटी-तबल्यावर झाली. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी पुस्तक न उघडताच ती म्हटली. मग तरुण संघाची पाच मुले पुढे आली, गिटारला वायर लागली, ड्रमचे स्टूल सरकले आणि भिंतीवरच्या पडद्यावर हिंदी ओळी उमटल्या. मुले उत्तम वाजवत होती. तालात कुठे चूक नाही, आवाज मोकळे. पण गाणे पुढे सरकत गेले तसे जाणवू लागले की यात देवाची थोरवी आहे, तिच्यासाठी विशेषणांची रांग आहे, फक्त गाणारा माणूस कुठे दिसत नाही. तो कुठे राहतो, कशाला घाबरतो, काल रात्री त्याला झोप का लागली नाही, याचा पत्ता नाही.

मराठी ख्रिस्ती गीताची आजची अडचण मला इथे दिसते. भांडण पेटी आणि गिटार यांचे नाही. जुनी मंडळी तसे समजतात, तरुणही तसेच समजतात, आणि त्या नादात दोघांचेही शब्दांकडे दुर्लक्ष होते.

गिटारवर प्रौढ भक्तिगीत होऊ शकते का, अशी शंका असणाऱ्यांनी अमेरिकेतल्या रिलायंट के या बँडकडे पाहावे. ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या मुलांनी १९९८ साली काढलेला हा ख्रिस्ती पॉप-पंक बँड. पॉप-पंक म्हणजे धावती लय, दोन-तीन मिनिटांत उरकणारे गाणे, शाळकरी थट्टामस्करी. या संगीताचा कणा असतो पॉवर कॉर्ड. त्यात षड्ज आणि पंचम एवढेच असतात. गंधार नसतो, म्हणून तो कॉर्ड धड आनंदीही नसतो आणि धड दुःखीही नसतो. नुसता जोर. २००४ सालच्या ‘मंम्हम्म’ या अल्बममध्ये बँडचा गायक मॅट थीसन याने पियानो पुढे आणला. २००७ च्या अल्बमच्या शेवटी तर ‘डेथबेड’ नावाचे अकरा मिनिटांचे गाणे आले. मरणाला टेकलेला एक माणूस आयुष्य सांगतो आहे: सिगारेट, दारू, मोडलेला संसार. देव त्याला भेटतो तो अगदी शेवटी, आणि येशूचा तो आवाज स्विचफूट बँडच्या जॉन फोरमनने गायला आहे. २००९ च्या ‘फर्गेट अँड नॉट स्लो डाउन’मध्ये पश्चात्ताप आणि पुन्हा उभे राहणे हाच विषय झाला. कोवळ्या मुलांच्या बँडला दहा-अकरा वर्षांत गंधार सापडला, कोमल आणि शुद्ध दोन्ही. वाद्ये वाढली म्हणून त्यांचे गाणे मोठे झाले असे मी मानत नाही. मरणारा माणूस गाण्यात येऊन बसला, आणि त्याचे सगळे बोलणे मावण्यासाठी वाद्यांना वाढावे लागले.

आपल्याकडे ही वाट शंभर वर्षांपूर्वी चालून झाली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याबरोबर आलेल्या स्तोत्रांचे अनुवाद झाले, चाली परदेशीच राहिल्या. इंग्रजी स्तोत्र आघातावर चालते. मराठी शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाचे वजन असते. त्या चालींत मराठी बसवले की ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, दीर्घ अक्षर चेंगरते आणि शब्द ओळखू येईनासा होतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतच झाला. कवी म्हणून ते आधीच तयार होते. त्यांनी ही अडचण कानाने ओळखली आणि ख्रिस्ताला अभंगात आणले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. टाळ, वीणा, भजनी मंडळी त्यांना परकी नव्हती.

अभंगाची रचना इथे मुद्दाम सांगतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा फक्त चार अक्षरांचा. त्या अपुऱ्या चौथ्या चरणात म्हणणारा श्वास घेतो, थांबतो, कधी गप्प होतो. देवाशी भांडायला, त्याला जाब विचारायला आणि मग पायाशी बसायला त्या जागेचा उपयोग होतो. टिळकांना ही जागा ठाऊक होती. त्यांच्या ‘अभंगांजली’त शरणागती आहे, पण शरण येणारा कोण आहे तेही कळते. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली त्यांची गीते आजही पाठ असतात त्याचे कारण हेच. ९ मे १९१९ रोजी ते याच शहरात वारले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले, तेही शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या बाईने. मराठी ख्रिस्ती काव्याचा हा वारसा खरे तर याहून जुना: फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे.

कॅथलिक मंडळींची गोष्ट वेगळी. तिथे मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडले. त्या मोकळीकीची एक वास्तू दादरला उभी आहे. पोर्तुगीज चर्च म्हणून सगळे ओळखतात ते चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात नव्याने बांधले: उघडी अंगणे, त्यांच्यामध्ये काँक्रीटची कवचे, वारा खेळणारी जागा. इमारतीने इथली हवा ओळखली. मराठी गीताने तेवढी हिंमत अजून दाखवलेली नाही, असे मला तिथून जाताना दर वेळी वाटते.

वाईट याचे वाटते की या शहराला वाद्ये ख्रिस्ती घरांनीच शिकवली. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेली माणसे मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटाचे वाद्यवृंद त्यांच्यावर उभे राहिले. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले. रागांवर आधारलेल्या सिंफनी लिहून १९५८ मध्ये त्यांनी त्या झेवियर्स कॉलेजच्या अंगणात सादर केल्या. झेवियर्सच्या शेजारीच धोबीतलावचे रंगभवन. तिथे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चा मेळा भरू लागला. गिटार या भागाला परकी कधीच नव्हती. तिच्यावर मराठीत प्रार्थना लिहिणारा टिळक मात्र पुढे आला नाही.

आज तरुणांची मंडळी गाते ते बहुतेक हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि नमुना सिडनीच्या हिलसाँग चर्चचा. चार कॉर्ड, हळू सुरुवात, चढता आवाज, शेवटी तीच ओळ आठ-दहा वेळा. या पद्धतीत ताकद आहे, ते मी नाकारत नाही. मुले रविवारी चर्चला येतात त्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे. पण ते सगळेच्या सगळे स्तुतिगीत आहे. भक्तीत रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी स्तोत्रसंहिता उघडावी. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. दावीद देवाला विचारतो, किती दिवस? पवित्र शास्त्राने दिलेली ही मुभा आपल्या गीतकारांनी का सोडून द्यावी?

सांगण्यासारखे तर डोक्यापर्यंत साचले आहे. परळ-लालबागच्या गिरण्या १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर एकेक करून गेल्या. चाळी पडून टॉवर आले. भाडे परवडेना म्हणून लोक विरार-बदलापूरला गेले, आणि रविवारी दोन गाड्या बदलून जुन्या मंडळीत उपासनेला येतात. नोकरी सुटलेला बाप, दारूत गेलेला भाऊ, परदेशी गेलेली मुलगी हे सगळे त्याच बाकांवर बसलेले असते. यातले एकही माणूस पडद्यावरच्या ओळींत नाही.

पडद्यावरच्या गाण्यांची कसोटी मला शिवडीच्या दफनभूमीत दिसते. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या अंत्यविधींना मी तिथे अनेकदा उभा राहिलो आहे. तरुण संघाची मुलेही येतात, खांदा देतात, रडतात. पण माती लोटताना म्हणायला त्यांच्याजवळ स्वतःचे गाणे नसते. रविवारची गाणी त्या जागी तोंडातून निघत नाहीत. मग कोणीतरी म्हातारा सुरुवात करतो, पेटी नाही, तबला नाही, आणि सगळे त्याच्यामागून म्हणू लागतात.

म्हणून तरुण संघांना माझी एक मागणी आहे. गिटार ठेवा, ड्रमही ठेवा. पण वर्षाकाठी एक तरी गीत मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि ते शिवडीला म्हणता येईल असे लिहा. तोवर तिथे टिळकांचीच गीते म्हटली जात आहेत.