कडेवरचा साग

पुस्तकांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर उभं राहिलं, की लाकूड म्हणून डोळ्यांना दिसतात त्या जवळजवळ फक्त कडा. फळ्या पुस्तकांखाली गेलेल्या असतात, बाजू भिंतींकडे वळलेल्या असतात. गोंदियातल्या एका घरात असं एक कपाट आहे आणि ते न्याहाळायचा मला कंटाळा येत नाही. दोन उभ्या बाजू, पाच आडव्या फळ्या. सगळं पार्टिकल बोर्डाचं, 18 मिलिमीटर जाड, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत पाऊण इंची. समोरून दिसतात त्या सात पट्ट्या, आणि सातही सागाच्या. सर्वांत खालची सोडली तर प्रत्येकीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा सागात कपाट करणाऱ्या मिस्त्रींनी जे साधलं आहे, ते वरवर पाहून ‘छान आहे’ म्हणण्यापुरतं नाही.

आधी पट्टीखालची कड पाहू. कोऱ्या बोर्डाला करवत लावली की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर दिसतं. वरच्या आणि खालच्या थरात बारीक भुसा घट्ट बसलेला, मधल्या थरात मोठ्या ढलप्या आणि त्यांच्यात बारीक पोकळ्या. फळीचं तोंड गुळगुळीत आणि कड खरबरीत लागते ती त्यामुळे. या ढलप्या बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडच्या राळेत घोळून तापलेल्या दाबयंत्राखाली चेपलेल्या असतात. चेपलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, राळेची पकड सुटते, आणि वाळल्यावरही ते मूळच्या जाडीला येत नाही. पाणी सर्वांत सहज शिरतं ते कडेतून. राळेतला फॉर्माल्डिहाइडचा वायूही तोंडापेक्षा कडेतूनच जास्त सुटतो. बोर्डाची सर्वांत दुबळी जागा आणि माणसाच्या नजरेसमोरची जागा एकच, हा या वस्तूतला मूळ पेच आहे. पट्टी चिकटवणाऱ्याला तो दर वेळी सोडवावा लागतो.

बोर्डाबद्दल मला तुच्छता नाही, हे इथेच सांगतो. 1940च्या दशकात युद्धामुळे लाकूड दुर्मीळ झालेल्या जर्मनीत माक्स हिमेलहेबर आणि इतरांनी, जे एरवी चुलीत गेलं असतं त्या भुशा-ढलप्यांतून फळी उभी केली. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरला उसाच्या चिपाडांपासून असा बोर्ड तयार झाला. बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेनं भाताच्या तुसापासून बोर्ड बनवण्याचं तंत्र काढलं. गोंदियाच्या माणसाला तूस म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. तिरोड्यापासून आमगावपर्यंत राइस मिलच्या मागे त्याचे ढीग दिसतात आणि उसन्या तांदळाच्या बॉयलरखाली तेच जळतं. उरलंसुरलं वाया न घालवण्याची समज या बोर्डात आहे. अशा फळीला चांगली कड मिळणं हा तिचा हक्कच आहे.

आता पट्टी. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांचा हा जिल्हा. ऐन, बिजा, धावडा यांच्या जोडीला साग. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात आणि झाड उघडं होतं. पाऊस जवळ आला की वाढ पुन्हा सुरू होते. त्या सुरुवातीच्या लाकडात छिद्रं मोठी असतात, पुढच्या लाकडात बारीक. म्हणून सागाच्या छेदात दर वर्षाची एक गडद रेघ उमटते. ओंडका गरम पाण्यात मऊ करून रुंद पात्यानं त्याची पानं काढतात. ओंडक्याच्या मध्याला समांतर कापलं तर पानावर डोंगरासारखी चढती-उतरती नक्षी येते. वलयांना काटकोनात कापलं तर सरळ रेघा येतात.

कपाटाच्या बाजूंना बाहेरून डोंगर आहेत, कडांना मात्र सरळ रेघा. ही निवड मला या कामातली पहिली महत्त्वाची गोष्ट वाटते. डोंगराच्या नक्षीचं पान देखणं खरं, पण त्यातून 18 मिलिमीटरची पट्टी काढली तर शिखर एकीकडे आणि उतार दुसरीकडे जातो. पट्टीवर उरतात अर्धवट कमानी आणि मधेच तुटलेल्या रेषा. सरळ रेघांच्या पानातून पट्टी काढली की रेघ फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धावते. नजर तिच्याबरोबर जाते आणि फळी आहे त्यापेक्षा लांब वाटते. मधल्या एका फळीच्या कडेवर अशा पाच-सहा रेघा आहेत. पाऊण इंचात पाच-सहा पावसाळे. रेघांमधलं अंतर सारखं नाही. एका जागी दोन रेघा अगदी जवळ आल्या आहेत, त्या वर्षी झाड फार वाढलं नसणार. छापील नक्षीच्या प्लास्टिक पट्टीवर रेघा असतात, पण त्यांच्यामागे असं वर्ष नसतं.

पट्टी बसवताना पाहिल्यावर या निवडीमागचे कष्टही कळतात. मिस्त्रींनी आधी लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून कड घासली. नुसत्या हातानं घासली तर मधला मऊ थर खोलगट होतो, ठोकळा ती चूक होऊ देत नाही. मग पाणी मिसळून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात दिला. ढलप्यांमधल्या पोकळ्यांनी तो पिऊन घेतला. वाळल्यावर पुन्हा एकदा घासलं. आता त्या कडेवर बोट फिरवलं तर भुसा हाताला लागत नव्हता. सागात नैसर्गिक तेल असतं आणि ते चिकटण्याच्या आड येतं, म्हणून पट्टीची आतली बाजू थिनरच्या फडक्यानं पुसून घेतली. पट्टी कडेपेक्षा चार मिलिमीटर रुंद कापलेली, म्हणजे दोन्ही अंगांना दोन-दोन मिलिमीटर जास्तीची. पट्टीला आणि कडेला दोन्हीकडे फेविकॉल लावून तो पूर्ण सुकू दिला. मला वाटलं आता काम संपलं, गोंद वाया गेला. पण पांढरा गोंद उष्णतेनं पुन्हा मऊ होतो. पट्टी जागेवर धरून वरून घरातली कपड्यांची इस्त्री सावकाश फिरवली आणि इस्त्रीच्या मागोमाग लाकडी ठोकळा दाबत नेला. फळी संपेपर्यंत पट्टी बसली होती. एकही खिळा नाही, एकही शिकंजा नाही. फेविकॉल 1959 साली बाजारात आला. त्याआधीचे सुतार सरस भांड्यात गरम करत बसायचे. उष्णतेवरची भिस्त तेव्हाही होती, आजही आहे.

जास्तीची दोन मिलिमीटर कशी काढली, तिथे हात कळतो. कानस तिरपी धरून फक्त पुढे ढकलायची, तीही बाहेरून फळीच्या दिशेनं. परत येताना कानस उचलायची. मागे ओढली तर ती पट्टीला फळीपासून सोडवते आणि सागाचा काटा उभा निघतो. हे काम घाईचं नाही, आणि त्या दुपारी मिस्त्रींनीही ते घाईनं केलं नाही. शेवटी बारीक पेपरनं कोर किंचित मारली. डोळ्यांना ती धारदारच दिसते, पण हात फिरवला तर टोचत नाही.

यानंतर जी गोष्ट येते, ती मला पहिल्या पाहण्यात अजिबात दिसली नव्हती. बाजारात विनियर बहुधा पातळ प्लायवर चढवलेलंच मिळतं. इथे सुटी पानं आणून बोर्डाच्या दोन्ही तोंडांवर चिकटवली आहेत. (खालच्या तोंडालाही. एकाच बाजूला पान लावलं तर फळी वाकते.) मग प्रश्न येतो, कडेची पट्टी आधी की वरचं पान आधी? वरचं पान आधी बसवलं तर कडेच्या पट्टीची जाडी फळीच्या वर, पुढच्या काठाशी, एक केसाएवढी रेघ होऊन दिसते. कड आधी बसवून वरचं पान तिच्यावर आणलं, तर ती रेघ समोर येते. या कपाटात रेघ समोर आहे. समोर म्हणजे जिथे जास्त दिसेल तिथे. मला ते कोडं वाटलं म्हणून मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “भाऊ, पुस्तक ओढलं का वरूनच घासते. जोड वर ठेवला तर उचकते.”

आता दर वेळी पुस्तक काढताना मला हे दिसतं. पुस्तकाचा खालचा काठ फळीवरून सरकत पुढे येतो आणि काठावरून सुटतो. त्याच्या वाटेत जोड नाही, सलग पान आहे. सौंदर्याचा थोडा भाग देऊन आयुष्य घेतलं आहे. आणि दिलेला भागही फार नाही, कारण पट्टीतल्या रेघा आणि ही जोडाची रेघ समांतरच धावतात. दोन फूट अंतरावरून ती सागाची आणखी एक रेघ वाटते. उपयोग आणि देखणेपण यांची अशी सांगड घालायला आधी डोक्यात पूर्ण कपाट उभं असावं लागतं.

आमच्या शेजारच्या भंडाऱ्याकडच्या करवत काठी साडीत याच प्रश्नाचं उलट उत्तर आहे. तिथे अंग टसरचं, काठ वेगळ्या सुताचा, आणि दोन्ही मिळतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी. विणकर जोड लपवत नाही, उलट त्याचीच शोभा करतो. कपाटाच्या कडेवर ते चाललं नसतं. साडीचा जोड मागाच्या विणीतच पक्का होतो, इथे तो गोंदाच्या एका थरावर उभा आहे. ज्याला रोजचं घासणं सोसायचं आहे त्यानं मिरवू नये, हे मला पटतं.

विनियर म्हणजे वरवरचा मुलामा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. अस्सल साग हवा तर फळीच सागाची घ्या, असा त्यांचा आग्रह असतो. मी त्यांच्या बाजूचा नाही. साग तोडणीला येईपर्यंत पिढी-दोन पिढ्या जातात. त्याच्या एक इंच जाडीतून करवतीनं एक फळी निघते आणि भुसा पडतो तो वेगळाच. पात्यानं कापलं तर तेवढ्याच इंचातून चाळीसहून अधिक पानं निघतात आणि भुसा जवळजवळ पडत नाही. इजिप्तमधल्या रेखमिरेच्या थडग्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत. त्यांत कारागीर गोंदाचं भांडं घेऊन साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचे पातळ तुकडे बसवताना दिसतात. ज्यांच्याकडे चांगलं लाकूड कमी होतं त्यांनी ते पातळ करून वापरलं. यात फसवणूक कसली? आतला बोर्ड दुसऱ्या कशाचं तरी सोंग घेत नाही, तो वजन उचलतो.

दोष आहे, आणि तो सांगायला हवा. वरून तिसऱ्या फळीची पट्टी दोन तुकड्यांची आहे. सांधा तिरपा कापलेला आहे आणि मध्यभागी न ठेवता उजव्या टोकाजवळ ठेवला आहे, इथवर उत्तम. पण दुपारी खिडकीतून ऊन आलं की धाकटा तुकडा किंचित काळसर दिसतो. पान कापताना पात्याकडची बाजू जरा सैल होते, तिच्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि ती पॉलिश जास्त पिते. त्या तुकड्याची ती बाजू वर आली असावी. उन्हानं सागाचा रंग हळूहळू सोनेरी आणि सारखा होत जातो, म्हणून हा फरक काही वर्षांत कमी होईल. पूर्ण जाणार नाही.

पॉलिश लाखेचं आहे. पळसावरची लाख हे झाडीपट्टीचं जुनं उत्पन्न. स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं ती पातळ-पातळ हातांनी चढवली आहे, म्हणून रेघांतली छिद्रं बुजली नाहीत, बोटाला अजून लागतात. लाखेवर गरम कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं, हे तिचं उणं. पण हवेतली दमट वाफ ती फार चांगली अडवते, आणि 1200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हा गुण मोठा आहे. कपाट भिंतीपासून ओढून मागे पाहिलं तर तिथल्या कडांवर साग नाही, पण लाखेचे हात आहेत. भिंतीची ओल ज्या कडेला सर्वांत आधी भेटणार तिला मिस्त्री विसरलेले नाहीत. समोरच्या सात पट्ट्यांइतकंच मला ते काम आवडतं.

सर्वांत खालची फळी वेगळी आहे, आणि ती कळायला वाकावं लागतं. तिच्या कडेला पान नाही, आठ मिलिमीटर जाडीची भरीव सागाची पट्टी आहे, आणि फळी जमिनीपासून चार बोटं वर उचलली आहे. रोज फरशीवर पोछा फिरतो, झाडू आपटतो, लहान मुलाची सायकल धडकते. अर्ध्या मिलिमीटरचा साग तिथे दोन पावसाळेही टिकला नसता. भरीव पट्टीच्या रेघा वरच्या फळ्यांइतक्या सरळ नाहीत, मध्ये एक लहानशी गाठही आहे. मिस्त्रींकडे त्या लांबीचा दुसरा तुकडा नव्हता. गाठ त्यांनी डाव्या टोकाला घेतली आहे, जिथे खोलीच्या दाराचं पाखं उघडल्यावर ती झाकली जाते.