सोळा रस्त्यांचे बेट

लातूरची गंजगोलाई पाहावी ती एकट्याने आणि पायीच; सोबतीला कुणी असले की पावले हटकून ओळखीच्या दुकानाकडे वळतात. समुद्रापासून इतक्या दूर, गर्दीच्या भरतीत ही दुमजली गोलाकार वास्तू बेटासारखी उभी आहे आणि सोळा रस्ते येऊन तिच्या काठाला लागतात. निजामी अमदानीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी हा आराखडा आखला. मधली वास्तू १९४५ची. या बेटाच्या गावाला २०१६च्या उन्हाळ्यात पाणी मात्र मिरजेहून रेल्वेने आणावे लागले!

जरा थांबून वर्तुळाची किमया न्याहाळू. चौकोनी वाड्याला दर्शनी दरवाजा असतो, तशी मागची बोळही असते. इथे पाठ अशी नाहीच. कोणत्याही रस्त्याने या, आपण समोरूनच येतो. आणि गाभ्यात अंबाबाई विराजमान असल्यामुळे भावाची घासाघीस करत, पिशव्या सावरत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून नकळत देवीची प्रदक्षिणाही घडून जाते. हा योग आराखड्यात होता की नाही कोण जाणे. असो, पुण्य पदरात पडतेच.

डोळे मिटले तरी रस्ता बदललेला कळावा, अशी इथली गंधांची मांडणी. वाळल्या मिरचीचा ठसका घशात रेंगाळत असतानाच गुळाचा उबदार, किंचित आंबूस दरवळ त्याला शांतवतो, पुढे नव्या चपलांचे कातडे घमघमते. आणि सराफ्यात शिरताच नाकाला काही कामच उरत नाही, तिथे माणसांचे आवाज आपोआप हलके होतात.

दुपारी एमआयडीसीतल्या डाळमिलकडे वळले की बाजारातली ही जिन्नस वेगवेगळे मांडण्याची हौस यंत्रांच्या घरघरीत भेटते. तेल-पाण्याचा हात लागून वाळलेली तूर भरडली जाते, टरफल सुटते आणि त्या मातकट दाण्यातून उजळ पिवळी डाळ प्रकटते. चाळण्या तिची प्रतवारी करतात: अखंड, गुळगुळीत ती मानाची फटका डाळ, तुकडा स्वस्तात जाणारा, चुनी जनावरांच्या दावणीला. वरणापुरते मला विचाराल तर तो तुकडाच बरा, लवकर शिजतो.