नकाशांच्या इतिहासाची परिषद आणि तिचा स्वतःचा नकाशा

नकाशांच्या इतिहासावर साधारण दर दोन वर्षांनी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरते. पहिली १९६४ साली लंडनला झाली. तिसावी जुलै २०२४ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला. इतिहासकार, भूगोलवाले, ग्रंथपाल, जुने नकाशे जमवणारे हौशी लोक आणि थोडेफार भूमापनवाले तिथे एकत्र येतात. कायमचं मोठं ऑफिस वगैरे काही नाही. दर वेळी वेगळं शहर यजमान होतं आणि 'इमागो मुंडी' हे या विषयातलं जुनं नियतकालिक चालवणारी संस्था सोबत असते.

मी या परिषदेला गेलेली नाही. हा लेख म्हणजे परिषदेचा वृत्तांत नाही, तिचं परीक्षण आहे. ते मी लांबूनच करतेय, म्हणजे तिची तीस ठिकाणांची यादी, विषय-निवेदनं आणि तिच्या भोवतीने लिहिली गेलेली पुस्तकं यांच्या आधाराने. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींना कॉन्फरन्स म्हटलं की सर्टिफिकेट आठवतं. पण कुठल्याही विषयाची मोठी परिषद म्हणजे त्या विषयाने स्वतःबद्दल केलेलं एक विधान असतं: आम्ही कशाला अभ्यास म्हणतो, कुणाला अभ्यासक म्हणतो. ते विधान वाचता यायला हवं, आणि तपासताही.

भारतात नकाशे नव्हते?

'इमागो मुंडी' १९३५ साली बर्लिनमध्ये लिओ बॅग्रो यांनी सुरू केलं. रशियात जन्मलेला, क्रांतीनंतर जर्मनीत आलेला हा माणूस या विषयाचा एक पायाच म्हणायला हवा. त्यांच्या नकाशाशास्त्राच्या इतिहासाची इंग्रजी आवृत्ती १९६४ साली आली, म्हणजे पहिली परिषद झाली त्याच वर्षी. त्या पुस्तकात भारताची बोळवण थोडक्यात होते. सांगण्यासारखं नकाशाशास्त्र भारतात नव्हतंच, असा त्याचा सूर आहे.

आता १९९२ सालात या. ब्रायन हार्ली आणि डेव्हिड वुडवर्ड यांनी उभारलेल्या 'हिस्टरी ऑफ कार्टोग्राफी' या शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथमालेत दुसऱ्या खंडाचा पहिला भाग निघाला. त्यात दक्षिण आशियाला दोनशेहून जास्त पानं आहेत. विश्वरचनेची चित्रं, तीर्थक्षेत्रांचे पट, शहरांचे आणि किल्ल्यांचे आराखडे, राजस्थानातले, काश्मीरमधले, मराठ्यांचे नकाशे.

तीस वर्षांत जमिनीतून नकाशे उगवले का? नाही. काही नवे सापडले हे खरं. सुझन गोल यांचं भारतीय नकाशांवरचं पुस्तक १९८९ मध्ये आलं होतं, त्याचाही हातभार होता. पण मुख्य बदल झाला तो व्याख्येत. हार्ली-वुडवर्ड यांनी १९८७ च्या पहिल्या खंडात नकाशाची व्याख्या सैल केली. मोजमाप, प्रमाण, अक्षांश-रेखांश या अटी काढल्या. माणसाच्या जगातल्या वस्तू, कल्पना, घटना यांची जागेच्या अंगाने समज देणारं कुठलंही चित्र म्हणजे नकाशा, असा तिचा आशय. चाळणी बदलली आणि आधी गळून गेलेलं सगळं वर राहिलं.

विज्ञानवाल्यांना हे लगेच कळेल. उपकरणाने शून्य दाखवलं याचा अर्थ नमुन्यात तो पदार्थ नाही असा होत नाही. उपकरणाच्या शोधमर्यादेच्या वर तो नाही, एवढाच होतो. बॅग्रो यांचं वाक्य हे असं शून्य होतं. ते निष्कर्ष म्हणून छापलं गेलं, आणि शोधमर्यादा मात्र कुणी छापली नाही.

या परिषदेच्या वर्तुळाचं मोठं श्रेय हे, की तिथल्याच लोकांनी आपल्या पूर्वसूरींचं शून्य खोडलं. हे मी आधीच मान्य करून ठेवते, कारण पुढे तक्रार करायची आहे.

'सत्ता' म्हटलं की झालं?

हार्ली यांचा नकाशाच्या विखंडनावरचा निबंध १९८९ चा. फूको आणि देरिदा यांचा आधार घेऊन त्यांनी म्हटलं की नकाशा हा जगाचा आरसा नसतो, तो एक युक्तिवाद असतो. त्याने काय दाखवलं याच्या इतकंच काय गाळलं हेही बघा. कुणी पैसे दिले, कुणासाठी काढला, कुठली गावं नावाशिवाय राहिली.

हा धडा पक्का बसला. इतका, की आता त्याचा पाढा झालाय. कुठलाही वसाहतकाळातला नकाशा घ्यायचा, त्यात सत्ता शोधायची, ती सापडतेच, आणि निबंध तयार. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे तो प्रश्न संशोधनाचा नसतो. भूगोलकार जे. एच. अँड्र्यूज यांनी हार्ली यांच्या या बाजूवर सविस्तर टीका केलेली आहे. हार्ली वाचाल तर तीही जोडीने वाचा.

यातून बाहेर पडायची एक वाट मॅथ्यू एडनी यांनी दाखवली. त्यांचं १९९७ चं पुस्तक ब्रिटिशांच्या भारतातल्या सर्वेक्षणावर आहे. साम्राज्याने नकाशा काढून भारत मुठीत घेतला, एवढ्यावर ते थांबत नाहीत. १८०२ साली लॅम्ब्टनने मद्रासजवळ आधाररेषा मोजली तिथपासून सुरू झालेली त्रिकोणमितीय मोजणी किती महाग आणि किती रखडणारी होती, तिचं वचन आणि प्रत्यक्ष काम यांत किती अंतर होतं, हे ते कागदपत्रांतून दाखवतात. २०१९ च्या पुस्तकात ते आणखी पुढे जातात. 'कार्टोग्राफी' हा शब्दच एकोणिसाव्या शतकातला. सगळ्या काळातले, सगळ्या कामांचे नकाशे एकाच शास्त्राची पिल्लं आहेत ही कल्पनाही तेव्हाचीच, आणि ती फसवी आहे. नकाशा कसा तयार झाला, कुणाच्या हातांतून फिरला, कुणी कसा वापरला, ही साखळी तपासा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, कारण यात उत्तर आधी माहीत नसतं.

मोजणाऱ्यांचं काय?

विज्ञानातून आलेल्या माणसाला या विषयात जागा आहे का? आहे. पण कुठे थांबायचं ते कळायला हवं. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं, व्हिनलँड नकाशा. येल विद्यापीठाने १९६५ साली तो जगासमोर आणला. कोलंबसच्या आधीचा, पंधराव्या शतकातला, आणि त्यात उत्तर अमेरिकेचा तुकडा. १९७४ मध्ये वॉल्टर मॅक्रोन यांना त्याच्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड सापडलं. वाद चालूच राहिला. शेवटी २०२१ मध्ये येलनेच नव्या तपासणीनंतर तो बनावट असल्याचं जाहीर केलं: रेषांमध्ये सगळीकडे टायटॅनियमचं संयुग आहे आणि तसलं रंगद्रव्य १९२० च्या दशकापासून वापरात आलं. प्रश्न शाईचा होता, शाईने उत्तर दिलं.

दुसरं उदाहरण सरळ नाही. भूमध्य समुद्राचे मध्ययुगीन खलाशी नकाशे, ज्यांना पोर्टोलान म्हणतात, त्यांतला सर्वांत जुना शिल्लक नमुना साधारण तेराव्या शतकाच्या अखेरचा धरला जातो. तो पॅरिसला आहे. या नकाशांतला किनारा थक्क व्हावं इतका बरोबर आहे. रोएल निकोलाई या भूमापनतज्ज्ञाने २०१४ च्या आपल्या युट्रेक्ट विद्यापीठातल्या प्रबंधात हिशेब करून मांडलं की होकायंत्र आणि अंदाजाने मोजलेली अंतरं यांतून एवढी अचूकता निघू शकत नाही. म्हणून या नकाशांचा उगम मध्ययुगात नाहीच. इतिहासकारांनी हे मानलं नाही. ब्रिटिश लायब्ररीत नकाशा-विभाग सांभाळलेले टोनी कॅम्पबेल हे त्यांतले प्रमुख. किनाऱ्यावरची गावांची नावं काळानुसार कशी बदलत, वाढत गेली याचा बारीक अभ्यास त्यांनी केलेला आहे. हा कारखान्यांत, बंदरांत सतत दुरुस्त होत गेलेला माल दिसतो.

मला वाटतं निकोलाई यांचे आकडे झटकून टाकण्यासारखे नाहीत. पण त्यांच्या युक्तिवादात दोन पायऱ्या आहेत. 'आपल्याला माहीत असलेल्या पद्धतीने हे जमत नाही' ही पहिली. 'म्हणून त्यांना ते जमलंच नसेल' ही दुसरी. आकडे पहिल्या पायरीपर्यंत नेतात. दुसरीला दप्तरं, भाषा, खलाशांच्या कामाच्या सवयी हे सगळं लागतं. आपल्या सिनॉप्सिसमध्ये या दोन पायऱ्या वेगळ्या लिहिल्यात तर गाइडचे निम्मे प्रश्न तिथेच संपतील.

हीच अडचण मोडी नकाशावर आणखी टोचते. झुरिकच्या ईटीएचमध्ये तयार झालेलं मॅपॲनालिस्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. जुन्या नकाशावरचे बिंदू आजच्या नकाशाशी जुळवले की तो कुठे ताणला गेलाय, कुठे आकसलाय याची जाळी ते काढून देतं. साधन फार छान आहे. पण आपल्याकडच्या जुन्या नकाशांत नदी वरून पाहिलेली असते, किल्ला समोरून, आणि कोस सगळीकडे सारखा नसतो. त्यावर ती जाळी पसरली की नकाशा 'चुकलेला' दिसणार. म्हणजे आपण लॅपटॉप घेऊन पुन्हा बॅग्रो यांच्या शून्यापाशी. तीच जाळी उलट वापरली तर? जिथे ताण जास्त आहे तिथे काढणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटलं असेल, घाटवाट, ठाणं, की देवस्थान, हे विचारलं तर ते साधन चूक मोजायचं राहत नाही, प्रश्न शोधायचं होतं.

तीस ठिकाणं

आता तक्रार. परिषदेने शिकवलेलं तंत्र तिच्याच यादीवर लावून बघा. लंडन, ब्रुसेल्स, एडिंबरा, वॉर्सा, बर्लिन, पॅरिस, ॲम्स्टरडॅम, व्हिएन्ना, लिस्बन, अथेन्स, मॉस्को. तीसपैकी पंचवीस परिषदा युरोपात. उरलेल्या पाचांतल्या चार अमेरिका आणि कॅनडात. २०१७ मध्ये ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते, हा एकच दक्षिणेकडचा बिंदू. आशिया आणि आफ्रिका कोरे. हार्ली यांनी असा नकाशा पाहिला असता तर काय विचारलं असतं, ते सांगायला नको.

यावर खरं उत्तरही आहे. यजमान पुढे यावा लागतो, आणि त्याला मोठा संग्रह व मोठी संस्था लागते. शिवाय जागा युरोपात म्हणून काम युरोपचंच होतं असं नाही. ती दोनशे पानं लिहिणारे जोसेफ श्वार्ट्झबर्ग मिनेसोटाचे अमेरिकन प्राध्यापक होते. हे मान्य. पण त्याच खंडात इस्लामी जगाचा विभाग अनेकांनी मिळून लिहिलाय, आणि दक्षिण आशियाचा अख्खा विभाग एकट्या श्वार्ट्झबर्ग यांनी. एका माणसाने एवढं ओढलं ही त्यांची थोरवी. दुसरं कुणी बरोबर नव्हतं, ही विषयाची उणीव. संस्कृत, फारसी, मोडी, तमिळ, सगळ्याचा भार एका खांद्यावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: या परिषदेने नकाशा कशाला म्हणायचं ते बदललं, पण तो वाचायला कोण बसणार हे अजून तितकं बदललेलं नाही. मोडी वाचता येणारे इथे आहेत, त्यांना प्रक्षेपण माहीत नाही. प्रक्षेपण माहीत असलेले आपण आहोत, आपल्याला मोडी येत नाही. आणि हे दोघं ज्या टेबलावर भेटायचे ते टेबल विमानाचं तिकीट, व्हिसा आणि इंग्रजी सारांश यांच्या पलीकडे मांडलेलं. यात दोष फक्त त्यांचा नाही. आपल्या भूगोल आणि इतिहास विभागांच्या मधला जिना चढायला कुठे व्हिसा लागतो?

तुमच्यासाठी

तुमचा विषय नकाशे नसला तरी तीन गोष्टी उचला. एक, 'अमुक आढळत नाही' असं वाक्य वाचलं की विचारा, कुठल्या चाळणीने? दोन, तुमच्या विषयाच्या मुख्य परिषदेच्या मागच्या दहा ठिकाणांची यादी करा आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा बघा. संशोधनातली दरी अनेकदा तिथेच असते. तीन, विषय-निवेदनातली शेवटची ओळ सोडू नका. या परिषदेत ठरलेल्या विषयांच्या जोडीला 'नकाशांच्या इतिहासाचा इतर कोणताही पैलू' असंही चालतं. मोडी नकाशा घेऊन जायचं दार तेच.

आणि श्वार्ट्झबर्ग यांचे ते विभाग शिकागो विद्यापीठ प्रकाशनाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. भौगोलिक नकाशांचं प्रकरण उतरवून घ्या आणि आधी फक्त चित्रं बघा. मग एक मराठी नकाशा निवडा आणि मोडी शिकवणीचा वर्ग कुठे चालतो ते शोधा.