वारसा आणि निवड

विद्यापीठाचे दार सर्वांस खुले झाले, की पुढील प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या बुद्धीचा व परिश्रमाचा उरतो, अशी एक समजूत रूढ आहे. पिएर बूर्द्यू व झाँ-क्लोद पास्सरों यांचा 'ले झेरितिए' अर्थात 'वारसदार' हा १९६४ सालचा ग्रंथ या समजुतीची कठोर परीक्षा घेतो.

तत्कालीन फ्रान्समध्ये बाकालोरेआ उत्तीर्ण होणाऱ्यास विद्यापीठप्रवेश मिळे. शुल्कही नाममात्र असे. तरीही १९६१-६२ च्या सुमाराचा लेखकद्वयाने मांडलेला हिशेब असा : शेतमजुराच्या मुलाला विद्यापीठात पोचण्याची संधी शंभरात एकाहूनही कमी, उद्योगपतीच्या मुलाला सत्तरच्या जवळपास, तर स्वतंत्र व्यावसायिकाच्या मुलाला ऐंशीहून अधिक.

परंतु ग्रंथाचे मर्म या आकड्यांत नसून त्यापुढील विवेचनात आहे. तळातून जे थोडे वर येतात, त्यांच्या वाटाही आधीच अरुंद झालेल्या असतात. वैद्यक वा कायदा यांऐवजी ते वाङ्मय वा विज्ञान यांकडे वळतात. ही 'आवड' म्हणजे पुष्कळदा शक्याशक्यतेचा नकळत झालेला हिशेबच होय. वर्गात सर्वांना पाठ एकच मिळतो. पण नाटक, संगीत, चित्रकला यांचा जो परिचय शाळा देत नाही आणि परीक्षक मात्र मनोमन अपेक्षितो, तो काहींना घरीच लाभलेला असतो. या वारशालाच पुढे 'उपजत गुण' हे नाव मिळते, आणि सामाजिक अंतर वैयक्तिक योग्यतेचे रूप धारण करते.

ग्रंथाची मर्यादा अपवादाच्या ठिकाणी जाणवते. स्वतः बूर्द्यू हे बेआर्नमधील टपाल कर्मचाऱ्याचे पुत्र. ते पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरपर्यंत पोचले. मोजक्यांच्या अशा उन्नतीने रचना ढळत नाही, हे या लेखकांनी १९७० च्या 'ला रेप्रोद्युक्सियों' या ग्रंथात मांडले. पण वर आलेल्याच्या मनाचे काय होते, याचे उत्तर आकडे देत नाहीत. ते रिचर्ड हॉगार्ट यांच्या 'द यूझेस ऑफ लिटरसी' (१९५७) या ग्रंथातील शिष्यवृत्तीधारक मुलाच्या चित्रणात शोधावे लागते : घर सुटलेले, नवे जग आपले न झालेले. एक ग्रंथ रचना दाखवितो, दुसरा तिची किंमत.

'वारसदार'चा शेवट निराशेत होत नाही. जे गृहीत धरले जाते, ते प्रत्यक्ष शिकविले जावे, अशी त्याची मागणी आहे. शिष्यवृत्ती दार उघडते. आतील अलिखित भाषा शिकविण्याचे दायित्व मात्र अध्यापकाचेच राहते, आणि ते टाळून गुणवत्तेचा निवाडा करणे म्हणजे वारशालाच पदवी देणे होय.